तोंडदेखलं

पहाटे चारला माणसाने झोपावं असा निसर्गाचा नियम आहे, पण तो दुकानाच्या रॅकना कुणी सांगितलेला नाही. रॅक रात्री रिकामे होतात आणि सकाळी आठला काचेचं दार उघडायच्या आत ते गच्च भरलेले लागतात. मधल्या चार तासांत काय होतं हे गिऱ्हाइकाच्या गावीही नसतं. त्याला वाटतं, डबे आपोआप उगवतात.

ते उगवायचे वहिनीच्या हातून. तशी ती एकाच माणसाची वहिनी, म्हणजे धाकट्या दिराची, आणि तोही दूर कुठेतरी राहणारा. पण अकरा वर्षांपूर्वी गोदामात कुणीतरी तिला वहिनी म्हटलं आणि तेव्हापासून मालाच्या गाडीच्या ड्रायव्हरपासून फरशी पुसणाऱ्यापर्यंत सगळ्यांची ती वहिनी झाली. तिचीही हरकत नव्हती. वहिनीला काम सांगता येतं, पण वहिनीला उलटून बोलायला छाती लागते.

कामाचा तिला कंटाळा नव्हता. वैताग होता तो कामाच्या आजूबाजूच्या गोष्टींचा. तिच्या ट्रॉलीचं पुढचं एक चाक स्वतःच्या मर्जीने चालायचं. सरळ ढकलली की ट्रॉली डावीकडे साबणाच्या रॅकला जाऊन भिडायची. चाक बदला म्हणून तिने तीनदा लिहून दिलं होतं. खोके कापायचं कटर दिवसपाळीतलं कुणीतरी न्यायचं आणि धार घालवून परत ठेवायचं. 'ही बाजू वर' असं छापलेला खोका हटकून उलटा यायचा. शाम्पूच्या बाटल्यांमागे मटारची गोठवलेली पिशवी सापडायची, अर्थात आता न गोठलेली. बिस्किटांचा एखादा पुडा दोन बिस्किटं खाऊन, वरून छान घडी घालून परत ठेवलेला असायचा. खाल्ल्याचा तिला राग नव्हता, घडीचा होता. आणि साडेसातला बाहेर चारदोन माणसं जमायची, काचेवर टकटक करायची आणि आपल्या मनगटावरचं घड्याळ तिला दाखवायची. जणू दुकान तिच्या तीर्थरूपांचं होतं आणि ती मुद्दाम उघडत नव्हती.

त्या गोदामात एक शब्द होता, तोंडं काढणे. प्रत्येक डब्याचं लेबल समोर फिरवायचं आणि डबा रॅकच्या कडेला आणून ठेवायचा, की झाली तोंडं काढून. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. त्याच्या जोडीला दुसरा नियम होता, तो मात्र शिकवायचे सगळे आणि पाळायची एकटी वहिनी. जुना माल बाहेर काढायचा, नवा मागे लावायचा, आणि जुना पुन्हा पुढे. त्याला दुप्पट वेळ लागतो आणि दिसायला काडीचा फरक पडत नाही. असली कामं करणारी माणसं जगात नेहमीच कमी असतात.

तिच्या हाताला मात्र ते वळणच पडून गेलं होतं. सासूबाईंना झटका आला तेव्हा डॉक्टर समोर बसून मेंदूतल्या रक्ताच्या गुठळीबद्दल सांगत होते आणि वहिनी त्यांच्या टेबलावरच्या माहितीपत्रकांची तोंडं काढत होती. डॉक्टरांनी बोलणं थांबवून तिच्या हातांकडे पाहिलं. तिने हात मांडीवर घेतले, पण तोवर सगळी पत्रकं एका रेषेत आली होती.

तीन महिन्यांपूर्वी दुकानात नवे साहेब आले. तिशीतले, पहाटे चारलाही शर्टाला कडक इस्त्री. माणूस वाईट नव्हता. त्यांच्याही मानेवर वरचं कुणीतरी बसलेलं होतं. त्यांनी प्रत्येकाच्या हातात मोबाईलएवढं मशीन दिलं. ट्रॉली घेतली की बटण दाबायचं, रिकामी झाली की पुन्हा दाबायचं. मधली मिनिटं मशीन लक्षात ठेवणार, आणि दुपारी बाराला सगळ्यांची यादी हजेरीच्या फळ्यावर लागणार.

पहिल्या दिवशी यादीत वर होता वाऱ्या, एकोणीस मिनिटं. वाऱ्या पन्नाशीचा, आधी कुठल्याशा कारखान्यात होता आणि तिथूनच हे नाव घेऊन आला होता. नवा खोका फोडायचा, जुन्याच्या पुढ्यात माल कोंबायचा आणि पुढच्या ट्रॉलीला हात घालायचा, ही त्याची पद्धत. यादीत सगळ्यात खाली होती वहिनी, बेचाळीस मिनिटं.

"पंधरा दिवसांनी जो शेवटी असेल त्याची पाळी दुपारची," साहेब म्हणाले. "बारा ते आठ. सकाळी मला चपळ माणसं हवीत. कुणी मनाला लावून घेऊ नका." हे सगळ्यांना उद्देशून होतं, पण त्यांनी पाहिलं वहिनीकडे.

आता दुपारची पाळी म्हणजे काही काळ्या पाण्याची शिक्षा नव्हे. दुसऱ्या कुणाला सकाळी झोपायला मिळतं म्हणून आनंदच झाला असता. पण वहिनीच्या घरचं सगळं गाडं दहा मिनिटांवर चाललं होतं. नवरा बसचा ड्रायव्हर, त्याची गाडी दुपारची. सकाळभर आईजवळ तो. बारा वीसला वहिनी घरी येई, साडेबाराला तो निघे. त्या दहा मिनिटांत किल्ली, औषधं आणि नवराबायकोचं जे काय बोलायचं ते उरकायचं. वहिनीची पाळी बदलली असती तर सासूबाई दुपारपासून रात्रीपर्यंत एकट्या, आणि सराव बंद, कारण सकाळभर त्या औषधांच्या गुंगीत असत. एकटेपणाचं काहीतरी करता आलं असतं, शेजारी होते. सरावाला मात्र दुसरं माणूस नव्हतं.

सराव बोलण्याचा. सासूबाईंचं तोंड हा त्यांच्या नात्यागोत्यात नावाजलेला विषय होता. त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की भलेभले चप्पल शोधायला लागत. त्यांचे दोन शब्द ठेवणीतले. एक, 'उशीर'. वहिनी बारा वीसला आली तरी उशीर केलास, बारा अठराला आली तरी उशीर केलास. आणि दुसरा, 'तोंडदेखलं'. कॉटखाली केर राहिला की तोंडदेखलं झाडलंय. पातेल्याचं बूड काळं राहिलं की तोंडदेखलं घासलंय. पाहुणे तब्येत विचारून गेले की दार लावता लावता, "तोंडदेखलं विचारलं मेल्यांनी."

पंधरा वर्षांत वहिनीने मनातल्या मनात कितीदा म्हटलं होतं की हे तोंड एक दिवस तरी बंद राहू दे. मग एका सकाळी ते खरंच बंद झालं. उजवी बाजू खाली ओढली गेली, जीभ जड झाली. समजत सगळं होतं, पण बाहेर येताना शब्दांचा नुसता लगदा व्हायचा, आणि तो ऐकून त्यांनाच लाज वाटायची. म्हणून त्यांनी आपणहून बोलणंच सोडलं. चार महिने घर असं शांत होतं की वहिनीला आपली ती इच्छा आठवायची आणि हातातला घास हातातच राहायचा.

बोलणं शिकवणाऱ्या बाई तीनदा येऊन व्यायाम दाखवून गेल्या. गाल फुगवा, ओठ मिटा, प म्हणा, ब म्हणा, म म्हणा. नवऱ्याला हे जमायचं नाही. आईने नुसतं "पा" म्हटलं की तो धावत जाऊन पाणी आणायचा. पुढचं "णी" म्हणायची पाळीच तिच्यावर यायची नाही. वहिनी मात्र हाताची घडी घालून बसायची. पुरा शब्द आल्याशिवाय पाणी नाही. बाईंनी दिलेली यादी संपल्यावर ती दुकानातून फाटक्या खोक्यांची लेबलं आणायला लागली. साबण, मीठ, पावडर, मेणबत्ती. सासूबाई साबणाला "आबण" म्हणायच्या आणि सुनेकडे असं बघायच्या की जणू स चोरला तो तिनेच.

दहा दिवस झाले. वहिनीने चहा सोडून पाहिला, चालण्याऐवजी पळून पाहिलं, आपल्या चाकाशी भांडून पाहिलं. बेचाळीसची अडतीस झाली, पण यादीतली जागा काही हलली नाही.

अकराव्या दिवशी पहाटे ती दह्याची ट्रॉली घेऊन थंड मालाच्या फ्रीजपाशी उभी राहिली. भिंतभर लांबीचा फ्रीज, डावा अर्धा तिचा, उजवा वाऱ्याचा. समोर जुने सोळा डबे होते, दुसऱ्या दिवशी तारीख संपणारे. ते बाहेर काढायला तिने हात पुढे केला आणि तसाच थांबवला. मग तळहाताने सोळाच्या सोळा डबे मागे ढकलले, नवे पुढे लावले, तोंडं काढली, बटण दाबलं. वीस मिनिटं.

"आलात की वहिनी आमच्या पंगतीला," वाऱ्या शेजारून म्हणाला.

"भाऊजी, हात चालवा," ती म्हणाली. तिला ते लागलं होतं, पण बाराला यादी लागली तेव्हा ती दुसरी होती, आणि दुसरं येणं माणसाला बरंच काही विसरायला लावतं.

घरी पोचली ती त्याच तोऱ्यात. नवरा गेला, तिने सासूबाईंना भरवलं आणि भरवता भरवता सगळं रंगवून सांगितलं. "आई, आज दुसरी आले मी. काही अवघड नाही हो. जुनं मागे ढकललं, नवं पुढे. समोरून बघाल तर भिंत कशी भरलेली. आता पाळी कुठे जात नाही माझी."

सासूबाई घास तोंडात धरून तिच्याकडे बघत राहिल्या. मग तो गिळला. ओठ हलायला लागले. "तों," त्या म्हणाल्या.

तोंड पुसून हवं असेल म्हणून वहिनीने टॉवेल पुढे केला. सासूबाईंनी धडक्या हाताने तो झटकला. कपाळावर आठ्या चढल्या, मानेची शीर ताठ झाली, आणि चार महिन्यांत प, ब, म च्या फारशी पलीकडे न गेलेली ती जीभ एकेक अक्षर ओढत बाहेर आली.

"तोंद. देख. लं."

"काय म्हणालात?"

तेच तेच बोलायला लावलेलं त्यांना कधीच खपायचं नाही. "तोंददेखलं," त्या म्हणाल्या, एका दमात. ड च्या जागी द आला होता, पण बाकी ठसका जुनाच होता.

वहिनी हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. सासूबाईंचा हात हातात घेऊन तिने दहादा तो शब्द म्हणून घेतला. भांडी घासायला उठली तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की आपल्याला बोलणी बसली आहेत. पंधरा वर्षांत सासूचं बोलणं तिला पहिल्यांदाच पटलं होतं, आणि पटलं म्हणूनच झोंबलंही होतं. अर्धं पातेलं घासून ती तशीच उभी राहिली. मग तिने ते उलटं केलं आणि बूड घासायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने बटण दाबलं आणि फ्रीजचा डावा अर्धा सगळा रिकामा केला. कालचे नवे डबे खाली, मागचे सोळा बाहेर, फळी पुसली, आजचा माल मागे, कालचा मध्ये, सोळा जुने सगळ्यात पुढे आणि त्यांच्यावर 'आजच संपवा' अशी चिठ्ठी. मशीन आपलं मोजत होतं. तिने ते उलटं करून ट्रॉलीत टाकलं. आज तिला कसलीही घाई नव्हती. रात्रीच तिने ठरवलं होतं, पाळी मागायची ती उजळ माथ्याने मागायची.

सातला साहेब फ्रीजपाशी आले. "मॅडम, मशीन बंद करायला विसरलात. एकाहत्तर मिनिटं दाखवतंय."

"विसरले नाही. तेवढी लागली."

"काल तर वीस होती."

"काल मी काम केलंच नाही, साहेब. काल नुसतं दाखवलं." तिने सोळातला एक डबा त्यांच्या हातात दिला. "ही तारीख बघा, आजची आहे. काल मी हे मागे ढकलले आणि यादीत दुसरी आले. नवे संपेपर्यंत चार दिवस हे मागेच राहिले असते. मग कुणाच्या तरी घरी गेले असते, नाहीतर कचऱ्यात."

साहेब हसले. लोक त्यांच्याकडे रोज काही ना काही सबब घेऊन येत, त्यांना सवय होती. "एवढं काही मागे साचत नसतं, मॅडम. गिऱ्हाईकच उलटसुलट करत असतं. हे बघा," असं म्हणून त्यांनी उजव्या अर्ध्यात, वाऱ्याच्या रांगेत, इस्त्रीच्या बाहीसकट कोपरापर्यंत हात घातला आणि अगदी मागचा एक डबा ओढून काढला.

डब्याचं झाकण फुगून गोल झालं होतं. साहेबांनी तारीख वाचायला तो डोळ्यांजवळ नेला, अंगठा जरा दाबला गेला, आणि झाकणाने जे इतके दिवस सोसलं होतं ते एकदाचं सोडून दिलं. शर्टावर, टायवर, आणि थोडं हनुवटीवर. वास असा होता की पलीकडच्या रांगेतला माणूस विचारायला आला.

कुणी हसलं नाही. वाऱ्या हातातला खोका धरून पुतळ्यासारखा उभा होता.

साहेबांनी रुमालाने हनुवटी पुसली. "ही रांग कुणाची?"

"एकोणीस मिनिटांची," वहिनी म्हणाली. "काल माझी वीस मिनिटांची होती, ती काही वेगळी नव्हती. माणसाला काय विचारता, साहेब? ट्रॉली कधी रिकामी झाली ते मशीनला कळतं. रॅक नीट भरलंय का ते हात घातल्याशिवाय कळत नाही. तो तुम्ही आत्ता घातलात."

वाऱ्याने खोका खाली ठेवला. त्याने वहिनीकडे पाहिलं नाही, पण सगळ्यात आधी उजव्या अर्ध्यातले डबे बाहेर काढायला लागला तो तोच. मग वहिनी, आणि मग बाह्या दुमडून साहेबही. तारीख उलटलेले चौतीस डबे निघाले. साडेसातला बाहेरची माणसं काचेवर टकटक करून घड्याळ दाखवायला लागली. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, आपल्या दह्याने माखलेल्या घड्याळाकडे पाहिलं, आणि वहिनीला म्हणाले, "ही माणसं रोज असंच करतात?"

"रोज," वहिनी म्हणाली.

बाराला फळ्यावर यादी लागली नाही. साहेबांनी वहिनीला आत बोलावलं. अंगात गोदामातला कुणाचा तरी जादा शर्ट, दोन मापं मोठा.

"मशीन राहणार," ते म्हणाले. "वरून आलंय, मला काढता येत नाही. पण रोज एकेका रांगेत मी स्वतः हात घालणार. मागे जुना माल सापडला तर त्या माणसाची मिनिटं दुप्पट धरायची."

"चांगलं आहे. आणि माझी पाळी?"

"सकाळचीच राहू दे. पण एकाहत्तर मिनिटं नाही चालणार, वहिनी."

साहेब 'वहिनी' म्हणाले, हे तिने मनात टिपून ठेवलं. "एकाहत्तर आज होती, कालचं निस्तरायला. रोजची पस्तीस देते. चाक बदलून द्या."

"कसलं चाक?"

"ट्रॉलीचं. तीनदा लिहून दिलंय."

"माझ्यापर्यंत काही आलं नाही."

"तुमच्या टेबलावरच असेल," वहिनी कागदांच्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाली. "अगदी खाली बघा."

साहेबांनी ढीग उचलला. तिन्ही चिठ्ठ्या तळाशी होत्या, एकाखाली एक, सगळ्यात जुनी अगदी खाली. निघताना तिने त्या तिन्ही चिठ्ठ्या ढिगाच्या वर आणून ठेवल्या, अक्षर साहेबांच्या बाजूला करून.

या सगळ्यात तिची नेहमीची गाडी गेली. पुढची मिळून घराचा जिना चढेपर्यंत बारा पन्नास झाले. नवरा पायात बूट घालून दारातच उभा.

"अगं, माझी बस," तो म्हणाला.

"तुमच्याशिवाय सुटते का ती?"

"म्हणूनच तर लोक शिव्या देतात." त्याने किल्ली तिच्या हातात कोंबली आणि दोन दोन पायऱ्या उतरत सुटला.

वहिनी दारात चपला काढत होती. समोर खिडकीपाशी खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. काय होणार ते वहिनीला कळलं आणि तिने एक चप्पल हातात तशीच धरली. चार महिन्यांत स आला नव्हता, मग श तर फार लांबची गोष्ट.

सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. ओठ पुढे आले. डावा गाल थरथरला.

"उ," त्या म्हणाल्या. "उ. शीर."

खाली जिन्यात बुटांचा आवाज थांबला. "कोण बोललं?" नवऱ्याने खालून विचारलं.

"तुम्ही निघा हो," वहिनी वरून म्हणाली. मग ती सासूबाईंसमोर येऊन उभी राहिली, नवी सून उभी राहते तशी, चप्पल अजून हातातच. "खरंच उशीर झाला, आई. चुकलं माझं. पुन्हा म्हणा बघू."

"उशीर केलास," सासूबाई म्हणाल्या, आणि या खेपेला आवाज चढवून.